उणे चहा

मुरुम,
ता. ८ नोव्हेंबर १९६५

रा. रा. महारुद्रराव साडूबुवा यांस मुरुमहून बलभीमचा नमस्कार.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. दोन ओळींचं पत्रही धाडलं नाहीत. तुमच्या ऑफिसचं पत्रक मात्र अगदी वेळेवर आलं. खाली तुमची सही बघून तुमची थोरली मेव्हणी अयोध्या म्हणाली, धाकटे पाहुणे जिवंत आहेत म्हणायचे.

त्या पत्रकाबद्दलच लिहितो. मुरुम डेपोनं बावीस मार्च, बावीस जून, बावीस सप्टेंबर आणि येता बावीस डिसेंबर या चार दिवसांची चहाची विक्री मुंबईला कळवावी, असा हुकूम आहे. मग बाकीच्या दिवशी आम्ही इथं काय माशा मारतो? चंद्रकोर चहा कंपनीचा हा डेपो मी उघडला तेव्हा या भागात माणसं सकाळी उठून ताक पीत होती. ड्रायव्हर महेबूबनं गाडीच्या मागच्या फळीवर स्टोव्ह पेटवून मुरुमच्या, लोहाऱ्याच्या, पार बेंबळीच्या बाजारापर्यंत लोकांना फुकट कप पाजले, तेव्हा कुठं त्यांना चटक लागली. आज पाव्हणा आला आणि चहा टाकला नाही तर माणसं रुसून जातात. हे सगळं चार दिवसांत झालं नाही.

पेपरात वाचलं की मुंबईत विचार करणारं मशीन आलंय, आणि ते आपल्याच कंपनीनं आणलंय. मग आजपर्यंत तिथं विचार कोण करत होतं, असा प्रश्न मला पडला. तुम्हाला कंपनीत चिकटवायला सोलापूरच्या साहेबापुढं मी शब्द टाकला, तेव्हा पोरगा हुशार आहे असंच म्हणालो होतो. त्या हुशारीचं तिथं काय चाललंय ते जरा कळवा.

आणखी एक. मामांनी, म्हणजे आपल्या सासऱ्यांनी, निरोप दिलाय की औंदा येळवशीला दोन्ही जावई शेतात हवेत. तुमच्या मुंबईत तिला वेळ अमावस्या म्हणत असतील. विसरला असाल म्हणून सांगतो, त्या दिवशी सगळं गाव घरांना कुलपं लावून रानात जातं, कडब्याची कोपी करून लक्ष्मी मांडतं, पिकाला ताकातली आंबील शिंपडतं आणि तिथंच जेवतं. पंचांगात तारीख बघा आणि रजा टाका.

कळावे. उत्तर मशीनकडून नको, तुमच्याकडून यावं.

बलभीम


मुंबई,
ता. १९ नोव्हेंबर १९६५

श्री. बलभीमराव यांस, सा. न.

पत्र पावले. तुमची थट्टा नेहमीप्रमाणे वाचली व सोडून दिली.

मशीनबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. ते ज्या खोलीत आहे तिथे बाहेर चपला काढून जावे लागते. खोली बारा महिने थंड ठेवतात, त्यामुळे मी भर मुंबईत स्वेटर घालून काम करतो. मुली जाड कागदाच्या कार्डांवर यंत्राने भोके पाडतात. प्रत्येक भोक म्हणजे एक आकडा. ती कार्डे मशीनने गिळली की ते प्रत्येक डेपोचा कल काढते, म्हणजे धंदा कुठे चालला आहे, वर की खाली, हे अगोदर सांगते. दहा कारकून महिनाभर जे करतात ते मशीन एका दुपारी करते. रोजच्या विक्रीची कार्डे पाडायला वर्ष लागेल, म्हणून चार दिवस. शास्त्रात याला मान्यता आहे.

या तारखा साहेबांनी एकट्याने ठरवल्या नाहीत. निजामाच्या मुलखातून आलेला ऑफिसात मी एकटाच, म्हणून त्या बाजूच्या डेपोंपुरते मला बोलावून विचारले गेले. तुमच्या माहितीसाठी सांगतो, साहेबांच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची मिळालेला आमच्या खात्यातला मी पहिला माणूस आहे.

गेटवर युनियनवाले रोज घोषणा देतात. मशीन माणसे खाणार म्हणतात. मी मागच्या दाराने जातो. जगाबरोबर चालायचे नसेल त्यांनी घोषणा द्याव्यात.

चारी आकडे वेळेवर पाठवावेत. फक्त आकडा कळवावा, शेरा नको. तुम्हाला प्रत्येक आकड्याशेजारी चार ओळींचे रामायण लिहायची सवय आहे, ती मोडा.

येळवशीला येणे जमणार नाही. त्या बाजरीच्या उंड्यांची आणि आंबिलीची मला आता सवय राहिलेली नाही, घरात गजरालाही नाही. रानात जाऊन जेवायला इथे पिकनिक म्हणतात आणि ती रविवारी करतात. मामांना नमस्कार सांगावा.

आपला,
महारुद्र


मुरुम,
ता. २७ डिसेंबर १९६५

महारुद्रराव,

तुमचं पान मांडलं होतं. न येणाऱ्याचंही पान मांडायची मामांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, उंडे, खिचडा, गव्हाची खीर, सगळं वाढलं होतं. शेवटी अयोध्यानं ते बैलांपुढं ठेवायला घेतलं तेव्हा मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे अजून जरा. मुंबईची गाडी उशिरा येती." सूर्य कलेपर्यंत म्हातारा बांधावर बसून होता. हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहितोय.

महेबूब, खातूनबी आणि त्यांची पोरं दरसालाप्रमाणं आमच्यातच होती. पिकाभोवती आंबील शिंपडताना महेबूबनं जी आरोळी दिली ती पार पलीकडच्या शिवारात ऐकू गेली. जेवण झाल्यावर मी त्याला तुमच्या मशीनची हकिकत सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साब, त्या मशिननं चा पिऊन बघितला का कवा?" मी म्हटलं, नाही. "मग त्येला कसं कळणार?" याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर कळवा.

आता आकडे. ते सोबत रीतसर वेगळ्या कागदावर पाठवलेत. मार्चचा चांगला आहे. जूनचा त्याहून कमी, कारण पेरणीत माणसं बाजाराला येत नाहीत. सप्टेंबरचा आणखी कमी, कारण लढाईमुळं पेट्रोल मिळेना आणि गाडी दारात उभी होती. आणि बावीस डिसेंबरचा शून्य. त्या दिवशी येळवस होती. मुरुमात चहा प्यायला काय, कुणाला हाक मारायलाही माणूस नव्हता.

शेरा नको म्हणाला होता, तरी मी तांबड्या शाईनं त्या शून्याशेजारी 'येळवस' असं लिहिलंय. तुम्हाला कळेल. तुमच्या साहेबाला कळलं नाही तर तुम्ही सांगालच, खुर्ची मिळालेलीच आहे.

बलभीम


मुंबई,
ता. १४ फेब्रुवारी १९६६

श्री. बलभीमराव यांस,

हे पत्र ऑफिसच्या कागदावर नाही, घरून लिहीत आहे. ऑफिसचे पत्र स्वतंत्रपणे येईल. ते वाचून तुम्ही एकदम भडकू नये म्हणून अगोदर कळवतो.

मशीनने सगळ्या डेपोंचे कल काढले. मुरुमची रेघ मार्चपासून सारखी खाली येते आणि डिसेंबरात शून्यावर टेकते. ती तशीच पुढे नेली तर येत्या वर्षात ती शून्याच्याही खाली जाते. कागदावर मुरुमपुढे उणे आकडा आला आहे. साहेबांनी त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला.

मुरुम डेपो मार्चअखेर बंद करायचा असे ठरले. गाडी सोलापूरला जमा करावी. तुम्हाला आणि ड्रायव्हर महेबूब याला त्या दिवसापासून मोकळे केले जाईल. मशीनचे निर्णय कोणाच्या बाजूचे वा विरुद्धचे नसतात. तेच त्यांचे वैशिष्ट्य आहे, तेव्हा ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये.

तुमचा तांबडा शेरा कार्डे पाडणाऱ्या मुलीने मला आणून दाखवला. हे काय आहे, असे विचारत होती. कार्डावर आकड्यांना भोके असतात, येळवशीला भोक नसते. तो सोडून द्या असे मी तिला सांगितले. नियम सर्वांना सारखा.

आपला,
महारुद्र


मुरुम,
ता. २० फेब्रुवारी १९६६

महारुद्रराव,

उणे चहा म्हणजे काय, ते आधी मला समजावून सांगा. पुढच्या वर्षी मुरुमची माणसं डेपोत येऊन प्यालेला चहा परत कपात ओतणार आहेत काय? शाळेतल्या पोरानं असं उत्तर काढलं असतं तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. तुमच्याकडं त्याला थंड खोली देतात आणि त्याच्यापुढं चपला काढतात.

आता ही तुम्ही-आम्हीची भाषा पुरे. तू माझा धाकटा साडू आहेस आणि तुला मी तूच म्हणणार.

तू मुंबईत जन्मला नाहीस. तू मुरुमचा. लग्नानंतरची पहिली येळवस तू मामांच्याच शेतात केलीस. आंबील पिऊन पिऊन त्या कोपीतच आडवा झालास आणि तुला बैलगाडीत घालून घरी आणावं लागलं. तेव्हा तुला येळवस ठाऊक नाही असं म्हणू नकोस. ती तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. आणि तारखा तुला विचारून ठरवल्या हे तूच मला फुशारकीनं लिहिलंस.

तेवीस डिसेंबरची विक्री कुणी विचारली का? आदल्या दिवशीच्या आंबिलीची सुस्ती उतरवायला सगळं गाव चहावर तुटून पडलं होतं. महेबूबला दुपारी जेवायला उसंत मिळाली नाही. तुझ्या मशीननं एक दिवस पुढं बघितलं असतं तर त्यानं मुरुमला दुसरी गाडी दिली असती.

माझं सोड. माझं दोन एकर रान आहे, मी उपाशी मरणार नाही. महेबूबचं ऐक. बातमी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी खातूनबी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. अयोध्याला म्हणाली, "भाबी, खरं सांगा. आमच्या माणसानं चोरी केली का?" या गावात कंपनीनं माणूस काढला की त्यानं माल पळवला असंच धरतात. मशीननं काढलं म्हणून सांगितलं तर लोक तोंडावर हसतात. मला कुणी चोर म्हणत नाही, मी हिशेब लिहिणारा. पण गाडीची किल्ली महेबूबकडं असते, म्हणून चोर महेबूब. ज्यानं या भागाला चहा शिकवला त्याच्या मागं बाजारात पोरं 'चापत्तीचोर' म्हणत फिरतात.

तुला फार करायचं नाही. साहेबापुढं जाऊन एक वाक्य बोल. बावीस डिसेंबरला आमच्याकडं येळवस असते, तो दिवस सोडा आणि तेवीस घ्या. एवढ्यानं डेपो राहतो आणि महेबूबचं नावही राहतं.

उत्तराची वाट बघतो.

बलभीम


मुंबई,
ता. ५ मार्च १९६६

श्री. बलभीमराव यांस,

तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा. मी तुम्हाला तुम्हीच म्हणणार, कारण मी रीत सोडलेली नाही.

एक वाक्य बोल म्हणता. ते कुठे आणि कोणापुढे बोलायचे, हे तुम्हाला मुरुमात बसून कळणार नाही. तारखा ठरल्या त्या दिवशी केबिनमध्ये पाच टायवाले होते. साहेबांनी मला विचारले की बावीस डिसेंबरला तुमच्या बाजूला काही सणवार आहे का. नाताळ होता, ईद होती, दिवाळी होती, ही नावे त्यांना माहीत होती. मी काय सांगायला हवे होते? की आमचे अख्खे गाव अवसेच्या दिवशी कुलपे लावून रानात जाते, आणि शहाणीसुरती माणसे पिकाभोवती ओरडत आंबील शिंपडतात? आधीच मला हे लोक निजामाकडचा म्हणतात. मी उठलो-बसलो तरी हसतात. मी 'नाही' म्हणालो.

आता तुमचे वाक्य बोलायचे म्हणजे त्या दिवशी खोटे बोललो असे सांगायचे. मी ते सांगणार नाही. आमच्या खात्यात ओळीने बसणारी माणसे मशीनमुळे जादा ठरली आणि घरी गेली. त्यांच्या टेबलांवर आता कार्डांचे गठ्ठे आहेत. मी थंड खोलीत आहे, कारण मी प्रश्न विचारत नाही. मला बायको आहे, दोन मुले आहेत, भाड्याची खोली आहे. तुम्ही शब्द टाकून मला चिकटवलेत, हे तुम्ही प्रत्येक पत्रात ऐकवता. चिकटून राहण्याची कला मात्र मलाच शिकावी लागली.

महेबूबबद्दल वाईट वाटते. पण ड्रायव्हरला कुठेही काम मिळते. गाव काय बडबडते याचा मशीनशी काही संबंध नाही.

हा विषय माझ्याकडून संपला.

महारुद्र


मुरुम,
ता. २४ एप्रिल १९६६

महारुद्र,

तुझा डेपो बंद झाला. कसा ते ऐक.

महेबूबनं गाडी नदीवर नेऊन धुतली. स्टोव्ह राखेनं घासला, कप मोजून पेटीत भरले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाला, "साब, घाण गाडी दिली तर म्हणत्याल, हे पण चोरलं, ते पण मोडलं." सोलापूरला गाडी जमा करून तो एसटीनं परत आला. एसटीत ओळखीच्या एकानं सगळ्यांच्या देखत विचारलं, किती पोती गेली रं कंपनीची? महेबूब उमरग्याच्या अलीकडंच उतरला आणि उरलेली वाट चालत आला. हे त्यानं मला सांगितलं नाही, खातूनबीनं सांगितलं.

आठ दिवसांच्या आत दुसऱ्या कंपनीची गाडी मुरुमात हजर झाली. त्यांच्याकडं मशीन नाही. एक म्हातारा माणूस आला, बाजारात फिरला, चार हॉटेलांत चहा प्याला आणि इथं खप आहे म्हणाला. डेपो चालवशील का, असं त्यानं मला विचारलं. मी हो म्हटलं आणि ड्रायव्हर म्हणून महेबूबचं नाव सुचवलं. त्यानं गावात चौकशी केली. मला घेतलं, महेबूबला घेतलं नाही. माझ्याकडं आता उमरग्याचा एक पोरगा आहे. चहा उकळून उकळून काढा करतो.

महेबूब लोहाऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडतो. मी नव्या गाडीतून त्याच्या समोरून जातो तेव्हा तो मान वर करत नाही आणि मीही हाक मारत नाही. कुठल्या तोंडानं मारू?

तू लिहिलंस की गावाच्या बडबडीशी मशीनचा संबंध नाही. संबंध आहे. मशीननं नुसता आकडा सांगितला. त्यामागचं कारण गावानं आपल्या मनानं भरलं, कारण खरं कारण ज्याला माहीत होतं तो तोंड शिवून थंड खोलीत बसला.

यापुढं मला पत्र लिहू नकोस. अयोध्या आणि गजरा बहिणी आहेत, त्यांचं त्या बघतील.

बलभीम


मुंबई,
ता. १८ डिसेंबर १९६६

श्री. बलभीमराव यांस, सा. न. वि. वि.

पत्र लिहू नका म्हणाला होता. आठ महिने लिहिले नाही. झाले गेले विसरून हे वाचाल अशी अपेक्षा करतो, कारण वेळच तशी आली आहे.

डेपोंचे काम संपल्यावर साहेबांनी मशीनला ऑफिसातल्या माणसांचे काम लावले. कोण उपयोगी आणि कोण जादा, याचा कल काढायचा होता. हजेरीचीही सगळ्या दिवसांची कार्डे पाडणे शक्य नव्हते. तेच चार दिवस घेतले, कारण त्या तारखांची मांडणी तयार होती. तीन दिवस मी हजर आहे. बावीस डिसेंबरला मला सणसणून ताप होता, मी रजेवर होतो. चारांपैकी एक दिवस गैरहजर, तोही शेवटचा. मशीनने धरले की मी वर्षाचा चौथा हिस्सा घरी बसतो आणि पुढे कामावर येणेच बंद करणार आहे. माझी रेघ खाली गेली आहे. जानेवारीअखेर मला मोकळे करणार.

मी साहेबांकडे गेलो. आयुष्यात आजारी पडून घेतलेली ती एकच रजा आहे, असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले की तापाला कार्डावर जागा नाही. मला उभ्यानेच बाहेर जावे लागले. बलभीमराव, दहा वर्षे मी या माणसाच्या पुढे मान हलवली.

मार्ग एकच आहे. माझ्या तोंडचा ताप साहेब विसरतील, सहीचा कागद मात्र मानतील. त्या दिवशी मी ऑफिसच्या कामावर बाहेरगावी होतो असे दाखवता आले तर गैरहजेरी पुसता येते. तुम्ही तेव्हा डेपोप्रमुख होता. बावीस डिसेंबर १९६५ रोजी महारुद्र हा मुरुम डेपोच्या तपासणीसाठी आला होता, एवढे एक वाक्य तुमच्या सहीने साहेबांना लिहून पाठवा. त्याने तुमचे काही जात नाही.

गजरा दिवाळीपासून मुलांना घेऊन लोहाऱ्याला माहेरी आहे. तिला यातले काही सांगू नये. ती घाबरेल.

तुमचा,
महारुद्र


मुरुम,
ता. २८ डिसेंबर १९६६

महारुद्र,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून हसलो, हे खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तरी राग आहे तिथंच आहे.

तू मागतोस ते वाक्य मी लिहिणार नाही. बावीस डिसेंबरला तू मुरुम डेपो तपासला असं लिहायचं. कुलूप लावलेला डेपो, निर्मनुष्य गाव, त्यात तू एकटा तपासणी करत फिरतोयस. असली तपासणी तुझ्या मशीनलाच पटेल.

आणि तुला ताप नव्हता.

गजरा परवा इथं येऊन गेली. अयोध्याबरोबर भाकरी थापता थापता बोलता बोलता बोलून गेली, तिला बिचारीला काय ठाऊक त्यात लपवायचं काय आहे. गेल्या येळवशीला तू रजा टाकलीस. पहाटे तिला भज्जी आणि उंडे करायला लावलेस. आंबिलीचं मडकं पोत्यात गुंडाळून, चाळीतलं कुणी बघू नये म्हणून मागच्या जिन्यानं उतरलास. शिवडीकडं खाडीलगत कुणीतरी पालक लावला होता. त्या परक्याच्या वाफ्याभोवती तू आंबील शिंपडलीस, आणि पोरांना म्हणालास की आरोळी हळू द्या. मग तिथंच चौघं जेवलात. गजरा म्हणाली की जेवताना तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू मिरचीवर ढकललंस.

इकडं त्याच वेळी मामा बांधावर बसून तुझी वाट बघत होते.

हे ऐकून मला तुझी आधी कीव आली आणि मग दुप्पट संताप आला. तुला येळवस माहीत होती, एवढंच असतं तर मी समजलो असतो. तू ती पाळलीस. चोरून पाळलीस. जो दिवस तुला कामावर जाऊ देईना, त्याच दिवसाबद्दल साहेबाला 'काही नाही' म्हणालास. आणि त्या 'काही नाही'वर इथल्या एका माणसानं वर्षभर चोर म्हणवून घेतलं. साहेबाला मी आता नावं ठेवत नाही. मशीनला तर मुळीच नाही. त्याला जे सांगितलं नाही ते त्याला कळलं नाही, यात त्याचा काय दोष?

तुला नोकरी टिकवायची असेल तर वाक्य माझ्याकडं मागू नकोस. ते तुझ्याचकडं आहे. केबिनमध्ये जा, खुर्ची देवोत न देवोत, आणि सांग की त्या दिवशी येळवस होती, मी येळवशीला होतो आणि माझं सगळं गाव येळवशीला होतं. महेबूबसाठी तुला ते सांगवलं नाही. स्वतःसाठी तरी सांग. ऐकतील असं मला वाटत नाही, पण तुझ्या तोंडाला एकदा सवय होऊ दे.

औंदा येळवस दहा जानेवारीला आहे. मामा थकलेत, पण शेतात जाणारच म्हणतात. काल मी महेबूबकडं गेलो. खडीच्या ढिगावर त्याच्याशेजारी बसलो आणि तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, गजरानं सांगितलेलं पण सांगितलं. सगळं ऐकून त्यानं हातोडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "येऊ द्या त्यांना. पण गावासमोर बोलू द्या."

तेव्हा येणार असशील तर अट ऐक. सगळी शिवारं भरलेली असतील, लोहाऱ्याची, मुरुमची माणसं असतील. जेवणाआधी कोपीपुढं उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं की महेबूबनं एक चिमूट चहा चोरला नव्हता, डेपो का बंद पडला ते मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. तिथं आरोळी हळू द्यायची नसते, हे तुला माहीत आहे. ते झालं की बस आणि जेव. पान महेबूबच्या शेजारी मांडू. तो तुझ्याशी बोलेल का नाही ते त्याचं तो ठरवील.

पानं किती मांडायची त्याचा अंदाज हवा, म्हणून उलट टपाली कळव. एक का शून्य, तेवढंच लिही.

फक्त आकडा कळवावा. शेरा नको.

बलभीम